शिंजिराला उकडतं तेव्हा

दोस्तांनो, वाचायला बसण्याआधी जरा उभे राहा. दोन्ही हात बाजूला पसरा आणि पंखांसारखे वरखाली हलवायला लागा. जोरात! ताईला नाहीतर दादाला घड्याळ बघायला सांगा. बरोब्बर एक मिनिट. मध्येच हात खाली सोडायचे नाहीत, लबाडी चालणार नाही.

झालं? खांदे भरून आले ना? श्वास वाढला, कपाळावर घामही आला असेल. आता सांगा, सेकंदाला किती वेळा हात हलले? फार तर दोन-तीनदा. अमेरिकेत हमिंगबर्ड नावाचा एक चिमुकला पक्षी असतो. फुलासमोर हवेत एकाच जागी थांबून तो मधुरस पितो, आणि तेवढ्या वेळात त्याचे पंख सेकंदाला पन्नास-साठ वेळा हलतात. काही जातींत तर हा आकडा ८० च्या घरात जातो. त्याचं हृदय मिनिटाला हजाराहून जास्त ठोके देऊ शकतं.

एका मिनिटात तुमचं अंग एवढं तापलं, मग त्या पाखराचं काय होत असेल? शिवाय घाम येऊन तुम्हाला थोडं तरी बरं वाटलं. पक्ष्यांना घामच येत नाही, त्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात. वरून अंगभर पिसांचा थर. मग ही उष्णता जाते कुठे?

आपला शिंजीर

हमिंगबर्ड बघायला अमेरिका खंडात जावं लागतं. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, त्या सगळ्या तिकडेच राहतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणी म्हणालं, ‘काल आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आला होता,’ तर त्याला हसू नका. त्यानं पाहिलेला पक्षी खरा आहे, फक्त नाव चुकलंय. तो असणार शिंजीर. काही जण त्याला सूर्यपक्षीही म्हणतात.

शिंजीर चिमणीपेक्षा लहान. लांबी दहा सेंटिमीटरच्या आत, वजन दहा ग्रॅमच्याही आत. चोच बारीक, लांब आणि खाली वाकलेली. आपल्याकडे दोन जाती सहज दिसतात. एक जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत याचा नर लांबून काळाकुट्ट दिसतो, पण मान वळवली आणि ऊन पडलं की निळा, जांभळा, हिरवट असा झळाळतो. दुसरा पंचरंगी शिंजीर, त्याचं पोट पिवळं असतं. दोन्ही जातींच्या माद्या साध्या असतात, वरून मातकट आणि खालून फिक्या पिवळसर.

येडशीच्या रामलिंग अभयारण्यात, नळदुर्गच्या किल्ल्याजवळच्या झुडपांत, डाळिंबाच्या बागेत, परंड्याच्या एखाद्या वाड्याच्या अंगणात, कुठेही फुलं असली की शिंजीर हजर. ‘च्विट्, च्विट्’ असा बारीक पण टोकदार आवाज आला की समजायचं, साहेब आले.

हमिंगबर्ड आणि शिंजीर जवळचे नातेवाईक नाहीत बरं का! दोघंही फुलांतला मधुरस पितात, म्हणून दोघांची चोच लांब झाली, जीभ रस ओढण्याजोगी झाली आणि अंग लहान राहिलं. धंदा एक, म्हणून हत्यारंही सारखी. आणि धंदा एक म्हटल्यावर अडचणही एकच: उडायला ताकद लागते आणि ताकद लावली की अंग तापतं.

दहातले नऊ भाग उष्णता

स्नायू काम करतात तेव्हा खाल्लेल्या अन्नातली सगळी ऊर्जा कामी येत नाही. हमिंगबर्ड हवेत थांबलेला असतो, तेव्हा त्याच्या उडण्याच्या स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतला साधारण दहावा भाग पंख हलवायला लागतो. उरलेले नऊ भाग? त्यांची उष्णता होते! आणि हे स्नायू काही लहानसहान नसतात. त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांचाच असतो. म्हणजे हे पाखरू हवेत थांबलं की छातीत एक छोटी शेगडीच पेटते.

थोडी उष्णता हवीच असते. पक्ष्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. आपलं ३७ अंश सेल्सिअस, तर त्यांचं साधारण ४० ते ४२. स्नायू गरम असले की झपाझप चालतात. पण त्याच्याही वर फार चढलं की जिवावर बेततं. म्हणून जेवढी उष्णता तयार होते, जवळपास तेवढीच बाहेर टाकावी लागते, तीही लगेच.

उष्णतेच्या खिडक्या

उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण एका कॅमेऱ्याला दिसते. त्याला अवरक्त कॅमेरा म्हणतात. तो गरम भाग एका रंगात दाखवतो आणि थंड भाग दुसऱ्या रंगात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या कॅमेऱ्यानं उडत्या हमिंगबर्डची चित्रं घेतली. डोनाल्ड पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेला पक्षी होता कॅलिओप हमिंगबर्ड, वजन जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. एका मोठ्या बोगद्यात वारा सोडायचा आणि त्या वाऱ्यात पक्षी उडत असताना त्याच्याकडे कॅमेरा रोखायचा. वाऱ्याचा वेग बदलला की पक्ष्याचा उडण्याचा वेगही बदलतो.

पडद्यावर काय दिसलं असेल? पाखराचं बरंचसं अंग थंड रंगाचं. पिसांनी उष्णता आत अडवून धरलेली. पण तीन जागा मात्र चांगल्याच तापलेल्या: डोळ्यांभोवतीची कातडी, पंख अंगाला जोडलेला असतो तिथली काखेजवळची जागा, आणि पाय. या तिन्ही ठिकाणी पिसं एकतर नसतात किंवा अगदी विरळ असतात. आतलं गरम रक्त तिथं कातडीजवळ येतं आणि उष्णता हवेत सोडून परत जातं. याच त्या उष्णतेच्या खिडक्या.

यात आणखी एक गंमत आहे. पक्षी वेगानं पुढे उडत असतो तेव्हा समोरून वारा लागतो आणि अंग आपोआप निवतं. सायकलवरून उतारानं जाताना तुम्हाला गार वाटतं, तसंच. पण फुलासमोर एकाच जागी थांबायचं म्हटलं की पंखांना कष्ट भरपूर आणि समोरचा वारा मात्र नाही. अशा वेळी या तीन खिडक्या फार कामाला येतात. हवेत थांबलेल्या हमिंगबर्डचे पाय बघा, पुष्कळदा ते पिसांत दडवलेले नसतात, खाली लोंबत असतात.

मे महिन्यातली पंचाईत

आता आपल्या जिल्ह्यात या. मे महिना, दुपारचे दोन. बालाघाटच्या माळावर झळा नाचतायत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आजी म्हणतेय, ‘बाहेर पडाल तर खबरदार!’ पारा चाळिशी ओलांडून गेलाय.

उष्णतेचा एक साधा नियम आहे. ती नेहमी जास्त गरम जागेकडून कमी गरम जागेकडे जाते, आपण होऊन उलटी कधीच जात नाही. सकाळी हवा २८ अंश आणि पाखराचं अंग ४१. मग उष्णता खिडक्यांतून भराभर बाहेर. दुपारी हवा ३८ अंश झाली की आपण माणसं अडचणीत येतो, कारण हवा आपल्यापेक्षा गरम. पाखरू मात्र अजून ४१ वर आहे, त्यामुळे थोडी का होईना, उष्णता बाहेर पडतेच. अंग गरम असल्याचा हा फायदा! आणखी ऊन तापलं की बरेच पक्षी आपलं तापमान दोन-तीन अंश वर चढू देतात. आपल्याला याला ताप आला असं म्हणावं लागेल, त्यांना मात्र तेवढ्यानं हवेपेक्षा गरम राहता येतं.

पण हवाच ४२-४३ अंशांवर गेली तर? मग खिडक्या उघड्या ठेवून उपयोग नाही. उलट बाहेरचीच उष्णता आत यायला लागते. आता शिंजिरानं करायचं काय?

चोच उघडा, पाणी उडवा

हाताच्या मागच्या बाजूला पाण्याचं बोट फिरवा आणि तिथं हलकेच फुंकर मारा. गार लागलं ना? पाण्याची वाफ होऊन ते उडून जातं, तेव्हा जाता जाता कातडीतली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी असं उडून गेलं की सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सोबत नेतं. हवा अंगापेक्षा गरम असली तरी ही युक्ती चालते. म्हणून तर भर उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहतं.

घाम नसला तरी पक्ष्यांकडे ओली जागा आहेच, तोंडाच्या आत आणि श्वासाच्या वाटेवर. उकडलं की पक्षी चोच उघडून भराभर श्वास घेतात. दुपारी भिंतीच्या सावलीत बसलेला कावळा असा ‘आ’ करून बसलेला तुम्ही पाहिला असेल. काही पाणी पक्ष्यांच्या कातडीतूनही उडून जातं. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि म्हैस डबक्यात जाऊन बसते, तीही याच कारणानं.

पण पाणी उडवायचं तर ते आधी पोटात हवं. चिमणीला त्यासाठी पाण्याची जागा शोधावी लागते. शिंजिराची मात्र इथं चंगळ आहे. तो जे खातो, त्यातच पाणी असतं! फुलांतला मधुरस म्हणजे साखर विरघळलेलं पाणीच, आणि त्यात बहुतेक वेळा साखरेपेक्षा पाणीच जास्त असतं. हमिंगबर्ड तर दिवसभरात स्वतःच्या वजनापेक्षा जास्त मधुरस पिऊन टाकतात. एरवी हे जादाचं पाणी बाहेर टाकायचं काम त्यांच्या मूत्रपिंडांवर येऊन पडतं. कडक उन्हात मात्र तेच पाणी अंग गार ठेवायला उपयोगी पडतं.

बसून पिण्यातलं शहाणपण

आता शिंजिराकडे नीट बघा. तोही फुलासमोर हवेत थांबू शकतो, पण फार वेळ नाही. जमेल तिथं तो आधी फांदी पकडतो, देठाला लटकतो, कधी उलटा होतो, आणि मग चोच फुलात घालतो. बसून प्यायलं की पंखांना विश्रांती, म्हणजे उष्णताही कमी. उष्णता बाहेर टाकण्यापेक्षा ती तयारच होऊ दिली नाही तर काम सोपं.

आपल्याकडची झाडंही त्याला बसायला जागा देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळावर पळस पेटतो, तेव्हा बघा. पानं गळालेली, काळपट फांद्यांवर केशरी फुलांचे घोस. शिंजीर घोसाजवळच्या फांदीवर बसतो, मान पुढे करतो, फुलात चोच खुपसतो आणि डोक्याला परागकण लावून पुढच्या झाडावर जातो. पांगारा, काटेसावर, आंब्यावरचं बांडगूळ, सगळीकडे अशी बैठक मिळते. अमेरिकेत हमिंगबर्डसाठी फुलणारी पुष्कळ फुलं मात्र अधांतरी लोंबतात. शेजारी बसायला जागाच नसते, त्यामुळे पाखराला हवेतच थांबावं लागतं.

मग शिंजिरापुढे असं अमेरिकेतलं फूल आलं तर? दक्षिण आफ्रिकेत असंच झालं. तंबाखूच्या जातीचं एक दक्षिण अमेरिकेतलं झुडूप तिकडे जाऊन माजलं. तिथल्या शिंजिरांना त्याचा मधुरस आवडला, पण बसायला धड जागा नव्हती. ते चक्क हवेत थांबून पिऊ लागले! म्हणजे अंगात कला आहे. गरज नसताना ती वापरायची नाही, एवढंच.

वेळेचंही तसंच. उन्हाळ्यात शिंजिराची धावपळ सकाळी जास्त असते. ऊन चढलं की तो कडुनिंबाच्या नाहीतर चिंचेच्या दाट सावलीत शिरतो, आणि उन्हं कलली की पुन्हा बाहेर येतो. उन्हात आणि सावलीत हवेचं तापमान फार वेगळं नसतं, पण सावलीत सूर्याचा थेट मारा चुकतो.

घरटं बांधतानाही मादी आडोसा शोधते. हो, घरटं एकटी मादीच बांधते. कोळ्याचं जाळं, गवताच्या काड्या, सालीचे कपटे, अळ्यांची विष्ठा, असलं काय काय चिकटवून ती एक लोंबती पिशवी तयार करते. बाजूला एक भोक, आणि भोकावर पुढे आलेलं छोटं छप्पर. पुष्कळदा ही पिशवी तुमच्याच व्हरांड्यातल्या वायरीला लटकलेली असते. अंड्यांवर मादी एकटीच बसते. दुपारी तिचं तोंड त्या भोकातून बाहेर डोकावताना दिसतं. मात्र लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही आणि फोटोसाठी फांदी वाकवायची नाही.

उन्हाळ्यात काळे कपडे?

तुमच्यातल्या चौकस मंडळींनी एव्हाना विचारलंच असेल, ‘काळा रंग उन्हात जास्त तापतो ना? मग जांभळा शिंजीर ऐन उन्हाळ्यात काळा का होतो?’

शाब्बास! प्रश्न अगदी रास्त आहे. गडद पिसं ऊन शोषून तापतात, हे खरंच. पण तापतात ती पिसांची वरची टोकं. त्याखाली मऊ पिसांचा थर असतो आणि त्यात हवा अडकलेली असते. ती उष्णता कातडीपर्यंत सहजी पोचू देत नाही. थंडीत हाच थर आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

मग एवढा झगमगाट कशासाठी? मादीचं लक्ष वेधण्यासाठी. विणीचा हंगाम संपला की हा नरही साधे कपडे घालतो, अंग मादीसारखं मातकट-पिवळं आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी उभी पट्टी. पावसाळा संपताना असा पट्टीवाला शिंजीर दिसला, तर ती वेगळी जात समजू नका.

संध्याकाळचा तोतया

दिवेलागणीला मधुमालतीच्या वेलाजवळ उभे राहा. नशीब असेल तर फुलांसमोर काहीतरी गुणगुणत येईल, हवेत थांबेल, लांबलचक सोंड फुलात घालेल आणि सटकन दुसऱ्या फुलावर जाईल. ‘सापडला हमिंगबर्ड!’ असं ओरडू नका. त्याला सहा पाय आणि दोन मिशा आहेत. तो हॉकमॉथ नावाचा पतंग आहे.

कीटक असूनही याला उडण्यासाठी गरम व्हावं लागतं. उडण्याआधी तो जागच्या जागी पंख थरथरवून छातीतले स्नायू तापवतो. उडायला लागला की मात्र अडचण उलटी होते, छाती फार तापते. बर्न्ड हाइनरिख नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास तंबाखूवर वाढणाऱ्या एका हॉकमॉथवर प्रयोग केले. उडताना त्याची छाती चाळीस अंशांच्या आसपास राहते, मग हवा गार असो की गरम. कशी? पतंग छातीतलं तापलेलं रक्त पोटाकडे ढकलतो. पोट थंड असतं, तिथून उष्णता हवेत जाते. हाइनरिखनं रक्त नेणारी नळी दोऱ्यानं बांधून टाकली, तेव्हा गरम हवेत पतंग थोडा वेळ उडाला, तापला आणि थांबला. पक्ष्याची खिडकी डोळ्यांपाशी, काखेत आणि पायांवर, पतंगाची पोटावर.

रात्री सगळं उलटं

दिवसा उष्णता टाकायची घाई, तर रात्री ती टिकवायची चिंता. लहान अंग फार लवकर निवतं. आईला विचारून एक मोठा आणि एक लहान बटाटा एकत्र उकडून घ्या आणि ताटलीत ठेवा. कोणता आधी गार होतो? लहान. कारण त्याच्या आकाराच्या मानानं बाहेरची साल जास्त, आणि उष्णता सालीतूनच जाते.

हमिंगबर्ड यावर भलताच उपाय करतात. थंड रात्री ते शरीराची शेगडी जवळजवळ विझवून टाकतात. पेरू देशात अँडीज पर्वतावरच्या हमिंगबर्डांची रात्रीची तापमानं शास्त्रज्ञांनी मोजली, तेव्हा एका पक्ष्याचं अंग ३.३ अंशांपर्यंत उतरलेलं आढळलं. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी तेच पाखरू थरथरून स्वतःला तापवतं आणि फुलांवर जातं.

आता तुमची पाळी

मे महिन्याच्या सुट्टीत एक वही करा. फुलं असलेलं एक झाड किंवा वेल निवडा आणि सावलीत, दहा-पंधरा पावलं लांब बसा. रोज तीन वेळा, सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला, पंधरा-पंधरा मिनिटं बघा. दुपारची पाळी घराच्या खिडकीतूनच करायची.

प्रत्येक वेळी एवढंच लिहा: हवेचं तापमान किती? (सावलीत टांगलेला साधा तापमापक पुरे.) शिंजीर किती वेळा आला? बसून प्यायला की हवेत थांबून? चोच मिटलेली होती की उघडी? बसला तेव्हा उन्हात होता की सावलीत?

जवळ एक पसरट, उथळ भांडं पाण्यानं भरून ठेवा आणि त्यात दोन दगड टाका, म्हणजे पाखरांना उभं राहता येईल. झाडांना पाणी घालताना थोडं पानांवरही शिंपडा. ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करायला शिंजिराला फार आवडतं.

पंधरा दिवसांनी वही उघडा आणि तापमानाप्रमाणे नोंदी लावा, तीस अंशांच्या आतल्या एका बाजूला, चाळिशीच्या वरच्या दुसऱ्या बाजूला. चोच कितव्या अंशापासून उघडी दिसायला लागली? हवेत थांबून पिणं कितीनंतर बंद झालं? तुमचा आकडा उमरग्याच्या मैत्रिणीच्या किंवा भूमच्या मित्राच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला तर उत्तम. नाही जुळला तर आणखी उत्तम, कारण मग तो का जुळला नाही हे शोधायला पुढची सुट्टी आहेच.